तैवानची बातमी नीट वाचायची कशी: एक वही, एक दिनदर्शिका आणि महिन्याला दोन तास

मराठीत तैवानची बातमी आली की ती बहुधा चीनच्या विमानांची असते किंवा चिपची. दोन्ही विषय खरेच मोठे आहेत, पण तेवढ्यावर तिथलं राजकारण कुठे अडलंय आणि पैसा कुठून येतोय ते समजत नाही. मतं, ऑर्डरी, वीज, पगार या सगळ्यांचे आकडे तिथे ठरलेल्या तारखेला उघडपणे जाहीर होतात. ते वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, नोंद ठेवण्याची सवय लागते. रत्नागिरी-चिपळूणच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, न्हावा-शेव्याला कंटेनरच्या कामात असणारे आणि कोळंबी, काजू, आंब्याच्या निर्यातीत असलेले, अशा वाचकांसाठी ही पद्धत लिहिली आहे.

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या. पहिली चार पानं कायमच्या माहितीसाठी राखा आणि पुढे प्रत्येक महिन्याला एक जोडपान द्या. डाव्या पानावर अर्थकारण, उजव्यावर राजकारण. प्रत्येक आकड्यासोबत तीन गोष्टी लिहायच्याच: जाहीर झाल्याची तारीख, तो कोणत्या महिन्याचा आहे आणि कशाच्या तुलनेत आहे. यातली एक जरी राहिली तरी सहा महिन्यांनी तो आकडा निरुपयोगी होतो.

पहिल्या पानावर: वर्ष, मोजमाप, वेळ

तैवानच्या सरकारी तक्त्यांत वर्ष ११४ किंवा ११५ असं दिसतं. ही मिन्गुओ कालगणना, १९१२ पासून सुरू झालेली. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे इथे १९११ मिळवायचे. ११४ म्हणजे २०२५. मोबाईलवरचं भाषांतर हा आकडा तसाच सोडतं, म्हणून तो टक्केवारी किंवा निर्देशांक समजला जातो.

मोजमापात याहून मोठी चूक होते. तिथे 'वान' म्हणजे दहा हजार, 'यी' म्हणजे दहा कोटी आणि 'चाओ' म्हणजे एक लाख कोटी. 'यी'ला घाईत अब्ज समजलं की आकडा दहापट फुगतो, कारण अब्ज म्हणजे शंभर कोटी. उदाहरण करून पाहा. चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीची २०२४ सालची विक्री सुमारे २८,९४३ यी तैवानी डॉलर होती. दहाने गुणा: २,८९,४३० कोटी. म्हणजेच २.८९ चाओ. आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीत चाओ नेमका बसतो, त्यामुळे मिलियन-बिलियनच्या फेऱ्यातून न जाता थेट मराठीत उतरवा. चलन कोणतं तेही लिहा. तैवानी डॉलर साधारण अडीच ते तीन रुपयांचा आणि अमेरिकी डॉलर त्याच्या तीसेक पट, तेव्हा नुसतं 'डॉलर' लिहिलेली नोंद कामाची नाही.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. त्यांचा दुपारी चारचा आकडा आपल्याला दीड वाजता मिळतो. शेअर बाजार तिथे नऊ ते दीड, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा ते अकरा.

नकाशा ओळखीच्या मापाने काढा. कोकण विभाग सुमारे ३०,७०० चौरस किलोमीटर, तर तैवान सुमारे ३६,०००. लोकसंख्या २ कोटी ३३ लाखांच्या आसपास. डोंगराची मोठी रांग मध्यापासून पूर्वेकडे, आणि वस्ती, कारखाने, वेगवान रेल्वे पश्चिमेच्या पट्टीत. चीन आणि तैवानमधली सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी सुमारे १३० किलोमीटर आहे. मुंबईपासून हर्णै सरळ रेषेत जवळपास तेवढंच आहे.

रंगांचा घोटाळा

रंग तीन ठिकाणी येतात आणि तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

पक्षांत हिरवा म्हणजे डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी, निळा म्हणजे चीनशी जुळवून घेणारा मानला जाणारा कुओमिन्तांग आणि पांढरा म्हणजे तैवान पीपल्स पार्टी. शेअर बाजारात लाल म्हणजे भाव चढला आणि हिरवा म्हणजे पडला, आपल्या नेमकं उलट. पडद्याचा फोटो पाहून 'तैवानचा बाजार कोसळला' असं लिहिणारे इथेच फसतात. तिसरा रंग राष्ट्रीय विकास परिषदेच्या दिव्याचा. दर महिन्याच्या २७ तारखेच्या आसपास ती अर्थव्यवस्थेला ९ ते ४५ गुण देते. ३८ आणि पुढे लाल, म्हणजे गरजेपेक्षा जास्त तापलेली. २३ ते ३१ हिरवा, म्हणजे स्थिर. १६ आणि त्याखाली निळा, म्हणजे मंदी. वहीत 'दिवा लाल', 'बाजार लाल' असं शब्दांत लिहा, रंगीत पेन वापरू नका.

विधिमंडळाचं गणित

राजकारणाच्या पानावर सगळ्यात वर एक आकडा कायम हवा: ११३. लेजिस्लेटिव्ह युआन या तिथल्या विधिमंडळात ११३ जागा आहेत. ७३ मतदारसंघांतून, ३४ पक्षांच्या यादीतून आणि ६ आदिवासी समाजांसाठी. बहुमत ५७.

१३ जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीचे लाई चिंग-ते ४०.०५ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. कुओमिन्तांगच्या हौ यू-ई यांना ३३.४९ आणि तैवान पीपल्स पार्टीच्या को वेन-चे यांना २६.४६ टक्के मिळाले. दुसरी फेरी तिथे नसते, ज्याला जास्त मतं तो जिंकतो. त्याच दिवशी विधिमंडळात कुओमिन्तांगला ५२, डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्हला ५१ आणि पीपल्स पार्टीला ८ जागा मिळाल्या, २ अपक्ष कुओमिन्तांगच्या बाजूचे. बेरीज करा. निळे आणि अपक्ष मिळून ५४, त्यात पांढरे ८ धरले की ६२. सत्ताधाऱ्यांना ६ जागा कमी. गेल्या दोन वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक भांडणाचं मूळ या सहा जागांत आहे.

आपल्याकडे बहुमत गेलं की सरकार जातं. तिथे पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो आणि त्यासाठी विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. म्हणून पंतप्रधान चो जुंग-ताई यांचं सरकार अल्पमतात असूनही चालतं, पण अंदाजपत्रक आणि कायदे विरोधकांच्या हातात राहतात. विधिमंडळ सरकारचा खर्च कापू शकतं, वाढवू शकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाई यांनी संरक्षणासाठी आठ वर्षांची १.२५ चाओ तैवानी डॉलरची विशेष तरतूद जाहीर केली. मथळ्यांत ती जणू खर्चच झाली होती. वहीत अशा बातमीसमोर 'घोषणा, मसुदा, समिती, मंजूर' यातली पायरी लिहा. ६२ विरुद्ध ५१ असताना पहिल्या आणि चौथ्या पायरीत महिने जातात.

न्यायालयाची नोंद वेगळी ठेवा. घटनात्मक न्यायालयात १५ न्यायमूर्ती असतात. ऑक्टोबर २०२४ अखेर सात जणांची मुदत संपली आणि आठ उरले. डिसेंबरमध्ये विरोधकांनी कायदा बदलून किमान दहा जणांची अट घातली आणि राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेली नावंही फेटाळली. म्हणजे सरकार आणि विधिमंडळातला वाद सोडवणारं दारच बंद झालं. ही साखळी समजली नाही तर २०२५ चा परत बोलावण्याचा प्रयोग कुठून उगवला ते कळत नाही.

तो प्रयोग असा. निवडून आलेल्या आमदाराला मुदतीआधी परत बोलावता येतं. आधी मतदारसंघातल्या १ टक्का मतदारांचा प्रस्ताव, मग १० टक्क्यांच्या सह्या, मग मतदान. मतदानात दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: 'परत बोलवा' ही मतं विरोधी मतांपेक्षा जास्त हवीत आणि एकूण मतदारांच्या किमान २५ टक्के हवीत. २६ जुलै २०२५ ला कुओमिन्तांगच्या २४ आमदारांवर आणि २३ ऑगस्टला आणखी ७ जणांवर मतदान झालं. ३१ पैकी एकही पडला नाही. जुलैच्या २४ मतदारसंघांत तर विरोधी मतंच जास्त होती, म्हणजे २५ टक्क्यांच्या अटीपर्यंत जायची गरजच पडली नाही. एका बाजूचे मथळे 'चीनधार्जिणे जिंकले' आणि दुसऱ्या बाजूचे 'लाई हरले' असे होते. प्रत्यक्षात ६२-५१ होतं ते तसंच राहिलं आणि राष्ट्राध्यक्षपदाला धक्का लागला नाही. अशा मतदानाची नोंद करताना प्रत्येक जागेसमोर तीनच रकाने ठेवा: बाजूने, विरोधात, २५ टक्क्यांचा आकडा.

महिन्याचं वेळापत्रक

आता डावं पान. आठवड्याला अर्धा तास पुरतो, मात्र तारीख चुकवायची नाही.

पाच तारखेच्या आसपास हॉन हाय, म्हणजे फॉक्सकॉन, आपली महिन्याची विक्री सांगते. दहा तारखेपर्यंत तैवानच्या शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्याच कंपन्यांना मागच्या महिन्याची विक्री जाहीर करावी लागते, टीएसएमसीलासुद्धा. आपल्याकडे कंपन्या तिमाहीला हिशेब देतात. महिन्याच्या महिन्याला इतक्या कंपन्यांचे आकडे मिळणं ही मोठी सोय आहे, ती सोडू नका. सात ते दहा तारखेच्या दरम्यान अर्थ मंत्रालय सीमाशुल्काची निर्यात-आयात देतं, महागाईचा आकडाही त्याच सुमारास येतो. २० तारखेच्या आसपास अर्थव्यवहार मंत्रालयाच्या निर्यात ऑर्डरी. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरीला जीडीपीचा पहिला अंदाज. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये मध्यवर्ती बँकेची बैठक.

निर्यात आणि निर्यात ऑर्डरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. निर्यात म्हणजे बंदरातून किंवा विमानतळावरून बाहेर गेलेला माल. ऑर्डर म्हणजे तैवानी कंपनीने घेतलेलं काम, मग माल चीन, व्हिएतनाम किंवा मेक्सिकोतल्या कारखान्यात का बनेना. त्यामुळे ऑर्डरी वाढल्या म्हणून काओश्युंग बंदरात कंटेनर वाढतीलच असं नाही. न्हावा-शेव्यातल्या माणसाने पाहायची ती सीमाशुल्काची निर्यात. कंपन्यांच्या नफ्याचा अंदाज घेणाऱ्याने ऑर्डरी पाहाव्यात.

जानेवारी आणि फेब्रुवारी कधीच सुटे वाचू नका. चांद्र नववर्ष २०२५ मध्ये २९ जानेवारीला होतं, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. कारखाने आठवडाभर बंद राहतात, त्यामुळे एका वर्षी खड्डा जानेवारीत पडतो, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. कोकणात हे समजावून सांगायची गरज नाही: गणपती २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला बसले आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन वर्षांच्या ऑगस्टमधल्या एसटीच्या गर्दीची तुलना करून कुणी 'चाकरमानी वाढले' म्हणाला तर आपण ऐकणार नाही. तिथेही दोन महिन्यांची बेरीज करून मागच्या वर्षीच्या बेरजेशी ताडा.

पायाचे आकडे असे. २०२४ मध्ये तैवानची निर्यात सुमारे ४७५ अब्ज अमेरिकी डॉलर होती आणि २०२५ मध्ये ती ६४० अब्जांवर गेली. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ. कारण एआयसाठी लागणारे सर्व्हर आणि त्यातल्या चिप. चीन आणि हाँगकाँग मिळून इतकी वर्षं पहिलं गिऱ्हाईक होते, २०२५ मध्ये अमेरिका त्यांच्या पुढे गेली.

म्हणून दर महिन्याला निर्यात दोन ओळींत लिहा: एका ओळीत इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि माहिती-दळणवळणाची उपकरणं, दुसऱ्या ओळीत बाकी सगळं. ही दुसरी ओळ वगळणारे तैवान अर्धाच पाहतात. ताइचुंगची मशीन टूल्स, काओश्युंगकडचे स्क्रू-बोल्ट, प्लॅस्टिक, कापड हे सगळं त्या ओळीत येतं आणि लाखो कामगारांचं पोट त्यावर चालतं. सर्व्हरची निर्यात उसळत असताना याच कारखान्यांत कामगारांना बिनपगारी रजेवर बसवावं लागलं. अशा रजेवरच्या कामगारांची संख्या कामगार मंत्रालय नियमित प्रसिद्ध करतं, तीही टिपा. जीडीपी जोरात असताना मतदार नाराज का, याचं उत्तर बऱ्याचदा या आकड्यात सापडतं.

अमेरिकेच्या आयातशुल्काला वेगळं पान द्या आणि प्रत्येक दरासमोर तारीख घाला. एप्रिल २०२५ मध्ये तैवानवर ३२ टक्के जाहीर झाले, ७ ऑगस्टपासून २० टक्के लागले, जानेवारी २०२६ च्या समझोत्यात १५ टक्के ठरले. पोलादी स्क्रूंचा दर यात येत नाही, पोलादावर जून २०२५ पासून वेगळं ५० टक्के शुल्क होतं. म्हणजे 'तैवानवर २० टक्के' हे वाक्य स्क्रूवाल्यासाठी चुकीचं होतं. कोळंबी पाठवणाऱ्यांना ही भानगड माहीत आहे: २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के लागले, आणि कोळंबीवर अँटी-डम्पिंगचा बोजा त्याहून निराळा. वस्तू, दर, तारीख. एकही रकाना रिकामा ठेवू नका.

चलनाची एक जोड नोंद: २ आणि ५ मे २०२५ या दोन व्यवहाराच्या दिवसांत तैवानी डॉलर प्रति अमेरिकी डॉलर ३२ च्या आसपासवरून ३० च्या आसपास आला, म्हणजे वधारला. डॉलरमध्ये भाव ठरवून माल पाठवलेल्या निर्यातदाराला हातात कमी पैसे पडले आणि डॉलरमध्ये गुंतवणूक असलेल्या आयुर्विमा कंपन्या अडचणीत आल्या. तेव्हा निर्यातीचा आकडा अमेरिकी डॉलरमध्ये वाढलेला दिसला, तरी कंपनीचा तैवानी डॉलरमधला नफा वेगळा तपासायचा.

टक्के कशाचे?

१ मार्च २०२१ पासून चीनने तैवानच्या अननसावर बंदी घातली. बातमी होती, 'नव्वद टक्क्यांहून जास्त अननस चीनला जात होते'. खरं, पण ते निर्यातीचे नव्वद टक्के. निर्यातच मुळात एकूण पिकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. घरच्या बाजारात खप वाढवला गेला, जपानने जास्त माल उचलला आणि बागायतदार तगला. हापूसच्या आखाती बाजाराबद्दल बोलतानाही हाच प्रश्न आधी विचारावा: हे टक्के पिकाचे की निर्यातीचे?

याचा अर्थ अशा बंदीने काही होत नाही, असा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सीताफळाच्या जातीचं फळ आणि जाम हे फळ, जून २०२२ मध्ये ग्रुपर मासा अशी यादी वाढत गेली. मत्स्यपालन करणाऱ्याला तळ्यात वाढवलेला मासा ठेवून देता येत नाही, खाद्याचा खर्च रोज चालूच राहतो. २०१० च्या व्यापार करारातल्या सवलतीही चीनने टप्प्याटप्प्याने काढल्या: १ जानेवारी २०२४ पासून १२ वस्तू, १५ जूनपासून १३४. पहिली घोषणा मतदानाच्या काही आठवडे आधी झाली, दुसरी लाई यांनी २० मे रोजी शपथ घेतल्यावर. राजकारणाचं आणि अर्थकारणाचं पान समोरासमोर ठेवायचं ते अशा तारखा जुळवण्यासाठी.

वीज

तैवान ९५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात करतं. शेवटची अणुभट्टी, मानशानची, १७ मे २०२५ ला बंद झाली. ती पुन्हा सुरू करावी का यावर २३ ऑगस्टला सार्वमत झालं. बाजूने सुमारे ४३ लाख मतं पडली, विरोधात सुमारे १५ लाख. तरी प्रस्ताव पडला, कारण एकूण मतदारांच्या २५ टक्के, म्हणजे सुमारे ५० लाख मतं बाजूने लागतात. जैतापूरच्या वादावर मत असलेल्या वाचकाने हा निकाल 'जनतेने नाकारलं' असाही वाचू नये आणि 'जनतेने स्वीकारलं' असाही. उंबरठा गाठला नाही, एवढीच नोंद करा.

अणुभट्टी गेल्यावर भार नैसर्गिक वायूवर आला आणि वायूचा साठा तिथे दोन आठवडेही पुरत नाही. ब्रेकवॉटरअभावी दाभोळच्या टर्मिनलला वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नव्हती, हे गुहागरच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे वादळं आहेत आणि वेढ्याची भीतीही. आखातात काही घडलं की तैवानच्या पानावर वायूच्या जहाजांची नोंद करा, चिपच्या कारखान्यांची काही वीज त्याच वायूवर बनते.

कुठे शोधायचं, कुठे नाही

जागतिक बँकेच्या तक्त्यात तैवान स्वतंत्र मिळत नाही, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही नाही. नाणेनिधी 'चीनचा तैवान प्रांत' या नावाने आकडे देतो, जागतिक व्यापार संघटनेत ते 'तैवान, पेंगहू, किनमेन, मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश' आहे आणि ऑलिंपिकमध्ये 'चायनीज ताइपे'. त्यापेक्षा त्यांच्या मंत्रालयांची इंग्रजी पानं थेट उघडा. रोजच्या बातमीसाठी फोकस तैवान हे इंग्रजी संकेतस्थळ पुरेसं आहे. लिबर्टी टाइम्स हिरव्यांकडे झुकतं, युनायटेड डेली न्यूज निळ्यांकडे, म्हणून वादाच्या दिवशी दोन्ही पाहा. आडनाव आधी येतं: लाई चिंग-ते यांना 'श्री. लाई' म्हणायचं. लोकांना चीनशी काय नातं हवंय, यासाठी एखाद्या वाहिनीच्या पाहणीपेक्षा राष्ट्रीय चेंगची विद्यापीठाच्या निवडणूक अभ्यास केंद्राची तीस वर्षांहून जुनी मालिका धरा. त्यात 'आहे तसं राहू दे' म्हणणारे सातत्याने सर्वांत जास्त आहेत.

पुढचं जोडपान: २८ नोव्हेंबर २०२६

त्या दिवशी महापौरांपासून गाव-वॉर्डाच्या प्रमुखांपर्यंत स्थानिक निवडणुका एकत्र आहेत. पान आधीच आखून ठेवा. २२ शहर-जिल्ह्यांची नावं आणि समोर २०२२ चा निकाल: कुओमिन्तांग १४, डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह ५, पीपल्स पार्टी १, अपक्ष २. त्याखाली एक इशारा लिहा. २०१८ च्या स्थानिक निवडणुकीत निळे जिंकले आणि २०२० मध्ये हिरव्यांच्या त्साई इंग-वेन ५७ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०२२ मध्ये पुन्हा निळे जिंकले आणि २०२४ मध्ये लाई निवडून आले. मतदानाआधीचे दहा दिवस पाहण्या प्रसिद्ध करायला बंदी असते, त्या काळात फिरणारे 'आतले आकडे' वहीत घेऊ नका. मतदान आपल्या वेळेने सकाळी साडेपाच ते दुपारी दीड. लगेच तिथेच मोजणी सुरू होते, प्रत्येक मतपत्रिका उंच धरून मोठ्याने वाचली जाते. वाहिन्यांचे आकडे आधी धावतात, पण रकाना भरायचा तो केंद्रीय निवडणूक आयोगाच्या आकड्याने. त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबा.